गेममध्ये बंगाल आहे, गुर्जर आहेत, मग देवगिरी कुठंय? एक्स्पान्शन पॅक कसा पारखायचा, केळझरवरून समजून घ्या

नागपूरवरून वर्ध्याकडे निघालं की मध्ये केळझर लागतं. सेलू तालुक्यातलं गाव. तिथलं गणपतीचं देऊळ विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक आहे. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, असं गावातली जुनी माणसं सांगतात.

आता समजा, या गावातल्या एका पोरानं पैसे साठवून मध्ययुगीन स्ट्रॅटेजी गेमचा एक्स्पान्शन पॅक घेतला. नावात 'इंडिया' आहे. आत हत्ती आहेत, उंट आहेत, चक्र फेकणारे सैनिक आहेत. गेम सुरू झाल्या झाल्या तो पहिलं काम काय करेल?

आपला भाग शोधेल.

आणि तो त्याला सापडणार नाही.

कमेंट बॉक्समधला राडा नेमका इथूनच सुरू होतो. एक जण म्हणतो, 'आपला इतिहासच नाही, पॅक बकवास.' दुसरा म्हणतो, 'भाऊ, गेम आहे तो, इतिहासाचं पुस्तक नाही. गप खेळ.'

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. पॅक चांगला की वाईट हे ठरवायला काही साधे प्रश्न आहेत. ते विचारले तर पैसे वाचतात आणि इतिहासावरचं भांडणही जरा मुद्द्यावर येतं. तेच प्रश्न आज बघू.

आधी बेसिक: हा पॅक म्हणजे नक्की काय?

स्ट्रॅटेजी गेममध्ये तुम्ही एक सैनिक नसता, अख्खा कारभार तुमच्याकडे असतो. शेती कुठे करायची, किल्ला कधी बांधायचा, कोणाशी लढायचं, कोणाशी सोयरीक करायची, हे सगळं तुम्हीच ठरवायचं.

यातले दोन गेम आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला 'एज ऑफ एम्पायर्स २'. आला १९९९ मध्ये. सायबर कॅफे आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर वाढलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. गावकरी लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं आणि दगड खणतात. त्यातून सैन्य उभं राहतं. एक डाव साधारण अर्ध्या-एक तासात निकाली निघतो.

दुसरा 'क्रुसेडर किंग्ज'. इथे तुम्ही एक घराणं चालवता. राजा मेला की वारस म्हणून पुढे खेळायचं. लग्नं, भाऊबंदकी, दगाफटका, सगळं आलं. एक डाव काही आठवडे सुद्धा पुरतो.

मूळ गेमवर नंतर जी जोड विकली जाते, ती म्हणजे एक्स्पान्शन पॅक. पूर्वी वेगळी सीडी यायची, आता डीएलसी म्हणून डाउनलोड होते. नवीन राज्यं, नवीन युनिट्स, नवीन मोहिमा आणि कधीकधी खेळायची नवीन पद्धत, असा माल त्यात असतो.

भारत या गेममध्ये आला कसा?

१९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये १३ सिव्हिलायझेशन होत्या. भारत त्यात नव्हता. लढाईचे हत्ती होते, पण ते पर्शियन लोकांकडे. २००० साली 'द कॉन्करर्स' आला, त्यानं पाच नवीन सिव्हिलायझेशन आणल्या. त्यातही भारत नाही.

भारत आला तो चाहत्यांमुळे. काही खेळाडूंनी एकत्र येऊन 'फॉरगॉटन एम्पायर्स' नावाचं मॉड बनवलं आणि त्यात 'इंडियन्स' ही सिव्हिलायझेशन घातली. हे मॉड इतकं चाललं की २०१३ मध्ये तेच 'द फॉरगॉटन' नावानं अधिकृत एक्स्पान्शन झालं.

पण अख्ख्या भारताला मिळून एकच सिव्हिलायझेशन. म्हणजे चोळ, पाल, राजपूत, दिल्लीचे सुलतान, सगळे एकाच डब्यात. युरोपात मात्र फ्रँक्स वेगळे, ट्यूटन्स वेगळे, ब्रिटन्स वेगळे.

ही तक्रार दूर करायला २८ एप्रिल २०२२ ला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा पॅक आला. जुन्या 'इंडियन्स'चं नाव 'हिंदुस्तानी' झालं आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर अशा तीन नवीन सिव्हिलायझेशन आल्या. सोबत तीन मोहिमा: बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्याचा देवपाल. पृथ्वीराज चौहानाची जुनी मोहीम गुर्जरांच्या खात्यात गेली.

यात महाराष्ट्राच्या नावाची सिव्हिलायझेशन नाही. यादव नाहीत, राष्ट्रकूट नाहीत.

आता हे किती मोठं भगदाड आहे ते बघा. आठव्या-नवव्या शतकात कनौजवरून तीन सत्तांची जुंपली होती. बंगालचे पाल, गुर्जर-प्रतिहार आणि दख्खनचे राष्ट्रकूट. पालांसाठी पॅकमध्ये बंगाली आहेत. प्रतिहारांसाठी गुर्जर आहेत. ज्यांनी वेरूळचं कैलास लेणं कोरून घेतलं, त्या राष्ट्रकूटांना मात्र स्वतःचं घर नाही. त्यांना फार तर 'द्रविडियन'मध्ये दाटीवाटीनं बसवायचं. मुळात द्रविडियन हे भाषाकुळाचं नाव. चोळ आणि राष्ट्रकूट एकमेकांशी लढले, आणि इथे दोघांना एकच गणवेश.

मग पॅक फेल? थांबा. आधी प्रश्न विचारू.

प्रश्न पहिला: यातलं फुकट काय आणि विकत काय?

ही सगळ्यात जास्त फसायची जागा. नवीन पॅक येतो त्याच दिवशी गेमला मोठा पॅचही येतो. पॅच सगळ्यांना फुकट असतो. व्हिडिओत मात्र दोन्ही मिसळून दाखवतात.

उदाहरण घ्या. २५ मार्च २०१४ ला 'क्रुसेडर किंग्ज २'चा 'राजाज ऑफ इंडिया' आला. त्या वेळी गेमचा नकाशा पूर्वेकडे वाढून भारत त्यात आला. पण नकाशा फुकटच्या पॅचमधून सगळ्यांना मिळाला. पैसे होते ते भारतातला राजा म्हणून खेळण्याचे. ज्याला फक्त लांबून भारत बघायचा होता, त्याला पॅकची गरजच नव्हती.

म्हणून पॅकच्या पानावरची यादी वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, हे मी पैसे न भरता पण मिळतंय का? उरलेली यादी हीच खरी किंमत.

प्रश्न दुसरा: नवीन सामान मिळालं की नवीन निर्णय?

हा सगळ्यात महत्त्वाचा.

नवीन सैनिक, नवीन इमारत, नवीन पोशाख हे सामान. दोन दिवस बरं वाटतं. नवीन निर्णय म्हणजे अशी अडचण, जी आधी तुमच्यासमोर कधी आलीच नव्हती.

गुर्जरांचं उदाहरण बघा. एज ऑफ एम्पायर्समध्ये सुरुवातीला मेंढ्या सापडतात. बाकी सगळे त्या कापतात आणि अन्न गोळा करतात. गुर्जरांना त्या गिरणीत ठेवता येतात. ठेवल्या की त्यातून हळूहळू, पण सतत अन्न येत राहतं.

म्हणजे आता प्रश्न उभा राहिला. आज कापून लवकर पुढे जायचं की राखून ठेवून उद्याची सोय करायची? शत्रू लवकर चालून आला तर राखलेल्या मेंढ्या काय कामाच्या? आणि तो आलाच नाही, तर कापून टाकल्याचा पस्तावा. ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

एक ओळीचा नियम, पण त्यानं पहिली दहा मिनिटं बदलून टाकली. याला म्हणतात निर्णय.

हत्तींचंही तसंच. दरवाजे फोडायला इतरांकडे लाकडी धडकयंत्र असतं, ते या भारतीय सिव्हिलायझेशन्सकडे नाही. त्याऐवजी चिलखती हत्ती आहे. हत्ती भिंत पाडतो, पण शत्रूचा भिक्षू मंत्र म्हणून त्याला स्वतःच्या बाजूला वळवू शकतो. म्हणजे हत्तीसोबत भिक्षूंना हुसकावणारे घोडेस्वारही पाठवावे लागतात. दिसायला फक्त हत्ती आला, पण हल्ल्याची आखणीच बदलली.

जुन्या खेळाडूंना 'द कॉन्करर्स' आजही का आठवतो? त्यात अ‍ॅझ्टेक आणि हूण आले म्हणून, हो. पण त्याच पॅकनं शेत परत पेरायची आगाऊ नोंदणी आणली. आधी शेत संपलं की प्रत्येक वेळी स्वतः जाऊन पेरावं लागायचं. ही छोटी सोय आल्यावर मागे जाणं अशक्य झालं. चांगल्या पॅकची ही एक खूण आहे. तो काढून टाकला तर गेम अपुरा वाटला पाहिजे.

प्रश्न तिसरा: जुन्या खेळाचा तोल बिघडला का?

नवीन माल विकायचा असतो, त्यामुळे तो जरा जास्तच भारी निघतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे. ज्यानं पैसे भरले तो जिंकतोय, असं चित्र तयार झालं की बाकीचे वैतागतात.

डायनॅस्टीज ऑफ इंडियाच्या बाबतीत असंच झालं. सुरुवातीला गुर्जर आणि हिंदुस्तानी इतके वरचढ होते की पुढच्या पॅचेसमध्ये त्यांची ताकद कमी करावी लागली. द्रविडियनांची गोष्ट उलटी. पाण्याच्या मॅपवर ते ठीक, पण मोकळ्या मैदानावर घोडदळाशिवाय लंगडे. त्यांना नंतर मदत द्यावी लागली.

पण हा कमकुवतपणा उगाच टाकलेला नाही. दक्षिणेत लढाईचे चांगले घोडे तयार होणं अवघड होतं. ते अरबस्तान आणि इराणकडून समुद्रातून यायचे, महाग पडायचे. द्रविडियनांना नाइटसारखं जड घोडदळ न देण्यामागे हे कारण धरता येतं. म्हणजे ती गोष्ट खेळ म्हणून त्रासाची, पण इतिहास म्हणून विचार करून घेतलेली.

यातून एक सरळ सल्ला निघतो. पॅक आल्या दिवशी त्याचा निकाल लावू नका. दोन-तीन पॅच जाऊ द्या. तोपर्यंत तोल जागेवर येतो आणि सेलही लागतो.

प्रश्न चौथा: इतिहासाचं फक्त नाव घेतलंय की कारणही?

इथे आपण परत केळझरकडे येऊ. कारण हा प्रश्न गावावरून विचारला की लगेच उलगडतो.

अकराव्या-बाराव्या शतकात केळझरच्या आसपासचा हा मुलूख कोणाचा होता?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, गंमत तिथेच आहे.

नागपुरात सीताबर्डीला एक शिलालेख मिळाला. शके १००८ चा, म्हणजे इ.स. १०८७ च्या सुमाराचा. त्यात राजा आहे कल्याणीचा चालुक्य, सहावा विक्रमादित्य. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. लेखाचा विषय काय? गुरांच्या चराईसाठी जमीन दान दिली. राजा शेकडो किलोमीटर लांब आणि नोंद गुरांच्या चाऱ्याची.

नागपूरच्या संग्रहालयात दुसरा एक शिलालेख आहे. विक्रम संवत ११६१, म्हणजे इ.स. ११०४-०५. तो आहे माळव्याच्या परमारांचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा तिसरा लेख शके १०३४ चा, म्हणजे इ.स. १११२. त्यात भेटतो जगद्देव. हा माळव्याच्या परमार राजघराण्यातला, उदयादित्याचा मुलगा. घरचं राज्य सोडून तो चालुक्य विक्रमादित्याकडे आला आणि इकडच्या भागात त्याला अधिकार मिळाला. परमार आणि चालुक्य हे जुने वैरी. आणि वैऱ्याच्या घरचा राजपुत्र इकडे येऊन मानानं राहतोय.

तीन लेख, पंचवीस वर्षं. विदर्भ हा दोन मोठ्या सत्तांमधला सीमेवरचा प्रदेश होता. इथली निष्ठा रंगवलेल्या नकाशासारखी ठाम नव्हती. माणसं या दरबारातून त्या दरबारात जात होती.

आता सांगा, हा इतिहास कोणत्या गेममध्ये दाखवता येईल?

एज ऑफ एम्पायर्समध्ये अवघड आहे. तिथे तुमचा रंग निळा तर शेवटपर्यंत निळा. 'यादव' नावाची सिव्हिलायझेशन उद्या आली तरी जगद्देवाची गोष्ट त्यात बसणार नाही, कारण गेमच्या मुळातच पक्ष बदलणाऱ्या राजपुत्राला जागा नाही.

क्रुसेडर किंग्जमध्ये ती बसते. तिथे भाऊबंदकी आणि दरबार हाच खेळ आहे. आणि इथे एक मजेशीर गोष्ट आहे. जगद्देवाची गोष्ट सगळ्यात नीट खेळता येते ती कोणत्या पॅकमध्ये? ज्याच्या नावात भारत आहे, त्यात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रुसेडर किंग्ज ३'साठी 'रोड्स टू पॉवर' आला. पॅकचा मुख्य विषय बायझंटाइन साम्राज्य, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडचं राजकारण. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. राज्य नसलेला माणूस म्हणून खेळता येणं. चार सोबती घ्यायचे, तळ टाकत फिरायचं, राजांची कामं करायची, नाव कमवायचं आणि एक दिवस जमीन मिळवायची. ही सोय नकाशावर कुठेही वापरता येते.

म्हणजे पॅक काढला कॉन्स्टँटिनोपलसाठी आणि कामी आला डोंगरगावच्या शिलालेखाला.

त्याच सुमारास गेममध्ये ११७८ सालापासून सुरुवात करायचा पर्यायही आला. आपल्यासाठी ही तारीख भारी आहे. त्यानंतर नऊएक वर्षांत, ११८७ च्या सुमारास, पाचवा भिल्लम यादव चालुक्यांपासून स्वतंत्र झाला. देवगिरीच्या राज्याची खरी सुरुवात ती.

म्हणून 'आपलं नाव आहे का' हा प्रश्न विचाराच, पण तिथेच थांबू नका. आपल्याकडे गोष्टी ज्या कारणांनी घडल्या, ती कारणं या गेममध्ये चालतात का, हे पुढे विचारा.

प्रश्न पाचवा: माणसांना साच्यात कोंबलंय का?

राजाज ऑफ इंडियाचं कौतुक होतं आणि व्हायलाच पाहिजे. हिंदू, बौद्ध आणि जैन राजे म्हणून खेळता येणं ही २०१४ मध्ये मोठी गोष्ट होती. या मालिकेत मराठी ही स्वतंत्र संस्कृती म्हणून दिसते, हेही खरं.

पण याच पॅकमध्ये जात हा गेमचा नियम झाला. हिंदू पात्राला जन्मापासून एक वर्ण चिकटलेला. वेगळ्या वर्णात लग्न केलं की लोकांची मतं बिघडणार. गणित सोपं, कोडमध्ये बसणारं.

प्रत्यक्षात जात होती का? होतीच, आणि क्रूर होती. पण त्याच काळात याच मातीत तिला धडकाही बसत होत्या. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात वेगवेगळ्या जातींचे लोक आणि बायका शिष्य म्हणून आल्या. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे या पंथाचं मोठं केंद्र. 'लीळाचरित्र' हा मराठीतला सुरुवातीचा मोठा गद्यग्रंथ याच पंथातून आला. महदंबेसारखी कवयित्री याच पंथातली. परंपरेनुसार चोखोबांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचा.

गेमनं नियम दाखवला आणि नियम मोडणारी माणसं गाळली, तर खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात काय बसतं? की तेव्हा सगळं असंच होतं आणि कोणी काही बोललंच नाही.

क्रुसेडर किंग्ज ३ इथे एक पाऊल पुढे आहे. तिथे पुण्याईचे गुण साठवून स्वतःचा वेगळा पंथ काढता येतो. म्हणजे चौकट मोडायची एक वाट तरी आहे. पॅक पारखताना ही वाट आहे का, ते जरूर बघा.

यादवांचा पॅक आलाच, तर त्यात काय हवं?

मागणी करायची तर नीट करू. नुसता भगवा झेंडा आणि एक नवीन तलवारवाला दिला तर ते सामान झालं. निर्णय कुठून येतील?

एक, देवगिरी. डोंगराचा कडा तासून सरळ केलेला, खाली खंदक, वर जायला अंधारा भुयारी मार्ग. असा किल्ला सहज पडत नाही. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक आला आणि रामचंद्र यादवाला तह करावा लागला. मुख्य सैन्य बाहेर होतं. आणि नंतरच्या फारसी इतिहासग्रंथांत सांगितलंय, की किल्ल्यावर धान्याची म्हणून नेलेली पोती उघडली तर आत मीठ निघालं. मग गेममध्ये असं करा. किल्ला सगळ्यांपेक्षा भक्कम, पण आतल्या शिबंदीला अन्न लागणार. दगडावर खर्च करायचा की कोठारावर?

दोन, घोडे. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या राजाची गोष्ट आहे. समुद्री चाचांशी त्याचा करार, लुटीतले घोडे राजाला, बाकी माल चाचांना. आता घोडदळ हवं तर बंदर सांभाळा, नाहीतर व्यापाऱ्यांशी वैर घ्या. हा झाला निर्णय.

तीन, विदर्भाची वाट. खिलजी देवगिरीला आला तो एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरवरून. आपण कुठे चाललोय हे लपवत. म्हणजे देवगिरी वाचवायची तर पहारा विदर्भात लागतो. किल्ल्याच्या दारात उभं राहून उशीर झालेला असतो.

असा पॅक खेळलेल्या पोराला '१२९६ मध्ये काय झालं' हे पाठ करावं लागणार नाही. का झालं, ते त्याला कळलेलं असेल.

मग निकाल काय?

डायनॅस्टीज ऑफ इंडिया खेळ म्हणून घ्यावा असा आहे. गुर्जरांच्या मेंढ्या, चिलखती हत्ती, चार सिव्हिलायझेशन्सच्या चार वेगळ्या चाली, यात खरे निर्णय आहेत आणि ते बरेच महिने पुरतात. दख्खनचा इतिहास म्हणून मात्र तो अपुरा आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

राजाज ऑफ इंडियानं दार उघडलं, पण माणसं साच्यात बसवली. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं क्रुसेडर किंग्ज ३ बघावा. त्यात भारत मूळ गेममध्येच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत.

आणि मराठे गेममध्ये कधीच नव्हते, असंही नाही. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठा सत्ता घेऊन खेळता येतं. पण तो गेम १७०० सालापासून सुरू होतो. आपल्याकडचं गेममधलं भगदाड आहे ते त्याच्या आधीचं, राष्ट्रकूट ते यादव या पाचशे वर्षांचं.

ते भरणार कोण? वाट बघायची गरज नाही. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये सिनारिओ एडिटर अगदी पहिल्यापासून आहे. कोड न लिहिता नकाशा काढता येतो, सैन्य मांडता येतं, गोष्ट सांगता येते. 'देवगिरी १२९६' एखाद्या सुट्टीत तयार होऊ शकतं आणि संवाद मराठीत लिहिता येतात. लागतात ते दोन-तीन मित्र, इतिहासाची चार चांगली पुस्तकं आणि जमलं तर नागपूरच्या संग्रहालयाची एक चक्कर.

भारत या गेममध्ये चाहत्यांच्या मॉडमधूनच शिरला होता, हे मघाशी वाचलंत. ज्यांनी ते मॉड बनवलं, त्यातूनच पुढे फॉरगॉटन एम्पायर्स हा स्टुडिओ उभा राहिला. डायनॅस्टीज ऑफ इंडिया बनवला तो याच स्टुडिओनं.